मार्टिंगेल, मिक्सिंग की निगेटिव्ह असोसिएशन: अवलंबी चलांसाठी कशाचा आधार घ्यावा?

यादृच्छिक चलं एकमेकांवर अवलंबून आहेत आणि तरीही त्यांची सरासरी अपेक्षित मूल्याकडे जाते, हे दाखवायचंय. वाटा तीन. कुठलं प्रमेय जास्त दणकट आहे हे नंतर बघा. त्याची अट तुमच्या चलांसाठी तपासता येते का, हे आधी.

रोझेनब्लॅट यांनी १९५६ साली मांडलेली प्रबळ मिक्सिंगची अट दिसायला निरुपद्रवी आहे: भूतकाळ आणि दूरचा भविष्यकाळ जवळजवळ स्वतंत्र हवेत. पण ही मालिका घ्या. दर पायरीला जुनी किंमत निम्मी करायची आणि नाणं उडवून आलेला ० किंवा १ तिच्यात मिळवायचा. सुरुवात ० ते २ मधल्या एकसमान वितरणातून. इतकी साधी मालिका, तरी तिच्यात प्रबळ मिक्सिंग नाही. अँड्र्यूज यांनी १९८४ साली ते दाखवलं. कारण कुठलीही किंमत द्विमान पद्धतीत लिहिली की तिच्या अंकांत आधीची सगळी नाणी ओळीने वाचता येतात. म्हणजे भूतकाळ पुसलाच जात नाही.

मार्टिंगेलच्या वाटेने, म्हणजे आधीचं सगळं माहीत असताना पुढच्या बदलाची अपेक्षा शून्य असते या कल्पनेने, हेच गणित दोन ओळींचं. किमतीतून १ आणि नाण्यातून १/२ वजा करा. मग किमतींची बेरीज म्हणजे नाण्यांच्या बेरजेची दुप्पट, अधिक सुरुवातीच्या आणि शेवटच्या किमतीतला फरक. हा फरक २ च्या पुढे जात नाही, त्यामुळे पदांच्या संख्येने भागल्यावर उरत नाही. इथे नाणी स्वतंत्र आहेत, पण तेवढंही लागत नाही: आधीची माहिती धरून प्रत्येक पदाची अपेक्षा शून्य असली आणि व्हेरियन्स (विखुरलेपणाचं माप) एका मर्यादेत राहिला, की मोठ्या संख्यांचा प्रबळ नियम मिळतो, म्हणजे सरासरी १ संभाव्यतेने अपेक्षित मूल्याकडे जाते. एंगल यांच्या १९८२ च्या आर्च मॉडेलमधली (ज्यात आजचा व्हेरियन्स आधीच्या पदांवरून ठरतो) पदं अशीच, परस्परावलंबी तरी अपेक्षा शून्य. मी तरी सुरुवात इथूनच करतो.

पिशवीतून चिठ्ठ्या परत न टाकता काढत असाल तर मात्र जोग-देव आणि प्रोशन यांची १९८३ ची निगेटिव्ह असोसिएशन घ्या. एक वाढलं की दुसरं घटण्याकडे झुकतं, त्यामुळे होफडिंगची असमता, म्हणजे सरासरी अपेक्षेपासून दूर जाण्याच्या संभाव्यतेवरची मर्यादा, स्वतंत्र चलांसारखीच लागू पडते. शेजारशेजारची चलं एकत्र वाढत असतील तर हा मार्ग बंद.

आणि फक्त संभाव्यतेतलं अभिसरण (सरासरी अपेक्षित मूल्यापासून दूर असण्याची शक्यता शून्याकडे जाणं) पुरणार असेल, तर या तिन्हींच्या नादी लागू नका. सरासरीचा व्हेरियन्स काढा. तो शून्याकडे गेला की चेबिशेव्हची असमता पुढचं बघून घेते.