चौदा महिने, एक स्टीलचा चिमटा आणि १८० रुपये

सात महिने माझ्या मापानं बनवून घेतलेल्या सायकलचा पुढचा ब्रेक दाबला की हँडलच्या खालून ‘टिक’ असा आवाज यायचा. एकदाच. सोडून पुन्हा दाबला की पुन्हा एकदाच. आता तो बंद होऊन महिना झाला. मधे रामटेकची एक चक्कर झाली, रोजचं ऑफिसला जाणं-येणं चालूच आहे, तरी आला नाही, म्हणून लिहायला घेतलं. डिसेंबरात लिहिलं असतं तर नुसत्या शिव्या निघाल्या असत्या, आणि त्यातल्या निम्म्या चुकीच्या माणसाला लागल्या असत्या.

फ्रेमचं आधी उरकतो. कोलंबस कंपनीच्या बटेड (टोकाला जाड, मधे पातळ) स्टीलच्या नळ्या, लग (सांध्यांवरच्या खोळी) लावून ब्रेझिंगनं जोडलेली, कॅलिपर ब्रेक, २८ मिलिमीटरचे टायर, मडगार्डला जागा, आणि हेडसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, जुन्या पद्धतीचा, १ इंची, आट्यांचा. तिच्याबद्दल तक्रार नाही, त्यामुळे सांगण्यासारखंही फार नाही. हे सगळं पुराण फोर्कचं, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दोन पायांच्या भागाचं आहे. नागपुरात बर्डीवर मी ज्या दुकानात जातो तिथं त्याला अजून चिमटाच म्हणतात, मीही तेच म्हणणार.

बिल्डर, म्हणजे हातानं सायकल बनवून देणारा, निवडताना माझ्यापुढे फार पर्याय नव्हते. परदेशी बिल्डरचा विचार कस्टम ड्युटीच्या पहिल्या हिशेबातच संपला. हिंगण्याच्या एमआयडीसीत ओळखीचा एक वेल्डर आहे, गेट आणि जिने उत्तम करतो. त्याला नळी दाखवली तर म्हणाला, “काहून एवढे पैसे टाकता साहेब, पाइपच तर आहे.” पाइपची जाडी टोकाला ०.८ मिलिमीटर आणि मधे ०.५ आहे म्हटल्यावर त्यानं ती उजेडात धरून आतून पाहिली आणि न बोलता परत दिली. या माणसाबद्दलचा माझा आदर त्या दिवशी वाढला. राहिला तिसरा, बाहेरगावचा, एकट्यानं काम करणारा. नाव लिहीत नाही. पुढे का ते कळेल.

या बिल्डरशी पहिला वाद चिमट्यावरूनच झाला. त्याचं म्हणणं, तयार कार्बनचा घ्या. चारशे ग्रॅमच्या आसपास वजन, आणि कारखान्यातून आयएसओ ४२१० च्या, म्हणजे सायकलच्या सुरक्षेच्या चाचण्या होऊन आलेला. “माझ्याकडं तसली मशीन नाही सर. मी केलेला चिमटा मी स्वतः चालवून बघतो, एवढीच माझी टेस्ट.” हे त्यानं आपणहून सांगितलं, म्हणूनच मी त्याच्याकडे काम दिलं. जो बिल्डर चिमट्याच्या बाबतीत ‘काही होत नाही’ म्हणतो त्याच्याकडून फ्रेमसुद्धा घेऊ नये. फ्रेमला चीर गेली तर बहुतेक वेळा सायकल कुरकुरते, डोलते, घरी पोचता येतं. चिमट्याची मान, म्हणजे फ्रेममधून वर हँडलकडे जाणारी नळी, तुटली तर सरळ तोंडावर.

माझी बाजू उंचीची होती. मी १६४ सेंटिमीटर. ७०० च्या, म्हणजे मोठ्या मापाच्या चाकावर आम्हा बुटक्यांचं एकच रडगाणं: हळू वळताना बुटाचं टोक पुढच्या टायरला लागतं. त्यावरचा नेहमीचा तोडगा म्हणजे हेड अँगल, म्हणजे फ्रेमच्या पुढच्या नळीचा जमिनीशी होणारा कोन, पाडायचा, ७२ अंशांवर आणायचा, म्हणजे चाक पुढे सरकतं. पण मला जे तयार कार्बन चिमटे मिळत होते ते ४३ आणि ४५ मिलिमीटर रेकचे. रेक म्हणजे हँडल ज्या रेषेवर फिरतं तिच्यापासून चाकाचा आस जेवढा पुढे असतो ते अंतर. ती रेषा जमिनीला मिळते तिथून टायर टेकतो तिथपर्यंतचं अंतर म्हणजे ट्रेल. ७२ अंश आणि ४३ रेक म्हटलं की ट्रेल ६५ च्या घरात जातो आणि चढावर हळू जाताना हँडल बैलाच्या मानेसारखं एकीकडे पडायला बघतं. तोच रेक ५० केला तर ट्रेल ५७-५८ वर येतो, शिवाय चाक आणखी ७ मिलिमीटर पुढे. ज्यांना करून पाहायचं त्यांच्यासाठी: चाकाची त्रिज्या (२८ च्या टायरला साधारण ३३९) गुणिले हेड अँगलचा कोसाइन, त्यातून रेक वजा, उरलेल्याला त्याच कोनाच्या साइनने भागा. स्टीलच्या चिमट्याचे पाय बिल्डर स्वतः वाकवतो, पाहिजे तेवढा रेक देतो.

अर्थात, हे गणित मी नंतर मांडलं. आधी किंमत पाहिली होती. कार्बनचा १६ हजारांना पडत होता, स्टीलचा ९ हजारांना. घरी जुन्या सायकलची क्विल स्टेम, म्हणजे मानेच्या आत खुपसून बसवायचा हँडलचा दांडा, पडून होती, ती वापरायची तर १ इंची आट्यांचाच हेडसेट हवा, आणि कार्बनच्या नळीवर आटे पाडता येत नाहीत. म्हणजे दीड हजाराच्या स्टेमने ९ हजारांचा चिमटा ठरवला. बायकोच्या मते हे माझ्या सगळ्याच खरेद्यांना लागू आहे.

जानेवारीत खोका आला. हेडसेटच्या वरच्या-खालच्या वाट्या त्यानं बसवूनच पाठवल्या होत्या. क्राउन रेस, म्हणजे चिमट्याच्या मानेवर खाली बसणारी कडी, वेगळ्या पुडीत होती, कारण रंग ताजा होता. “दुकानातून ठोकून घ्या,” असा निरोप. दुकानवाला पूर्ण फिटिंगचे १,२०० मागत होता, म्हणून मी घरीच बसलो. कडी नळीवरून खाली सरकवली आणि ती हातानंच बसली. अगदी अलगद. मला वाटलं, वा, काय सफाईचं काम आहे! भरपूर ग्रीस लावलं, छर्रे टाकले, लॉकनट आवळला आणि १,२०० वाचले म्हणून तर्री पोहे खाऊन आलो.

हे वाक्य लक्षात ठेवा: हातानंच बसली.

पहिले सहा महिने मी या चिमट्याची जाहिरात करत हिंडलो. नागपूरकरांना सिमेंट रस्त्यांचं सांगायला नको. रिंग रोडवर दर काही मीटरला सांधा येतो आणि जुन्या अॅल्युमिनियमच्या सायकलवर प्रत्येक सांधा मनगटात मोजता यायचा, टप्, टप्, टप्. या सायकलवर तो मऊ झाला. मी भेटेल त्याला सांगायचो की बारीक होत जाणारे स्टीलचे पाय झटका गिळतात, कार्बन यापुढे काही नाही. मग एका मित्रानं ही सायकल दोन दिवस नेली. तो ८० किलोचा गडी, त्यानं आपल्या सवयीनं टायरमध्ये १०० पीएसआय भरले आणि तशीच परत दिली. दुसऱ्या दिवशी रिंग रोडवर तेच जुनं टप् टप्. मी ७० भरत होतो. जुन्या सायकलवर २३ चे टायर होते, तेही ११० वर. तेव्हा माझी जाहिरात मागे घेतो. चिमट्यानं काही फरक पडतच नाही असं म्हणवत नाही, पण निम्म्याहून जास्त श्रेय हवेचं होतं, आणि हवा फुकट असते.

कार्बनपेक्षा साडेतीनशे ग्रॅम जास्त वजनाचं म्हणाल तर, रामटेकच्या गडावर चढताना मला माझंच जास्त वजन जाणवलं. २०० किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब सायकलफेरी, केली, साडेतेरा तासांची मुदत असते, त्यात आरामात बसलो. बूट टायरला लागत नाही. चढावर हँडल सरळ राहतं. या दोन गोष्टींसाठी मी हाच चिमटा पुन्हा घेईन, हे ठरलेलं आहे. आता ‘टिक’.

जुलैत पहिल्या मोठ्या पावसानंतर ती सुरू झाली. आधी ब्रेकवर संशय घेतला, पॅड बदलले. मग चाकाच्या तारा ताणून घेतल्या. स्टेम काढून पुसली, हब उघडला. चारदा लॉकनट आवळला, शेवटच्या वेळी इतका की हात सोडून चालवता येईना. दुकानात नेली तर तिथं आवाज यायचाच नाही. दाढदुखी डॉक्टरच्या दारात थांबते, तसं. “स्टीलची सायकल आहे भाऊ, थोडा आवाज करनच,” असा निकाल मिळाला. बिल्डरला व्हिडिओ पाठवले, त्याचं उत्तर, “आवाजावरून सांगता येत नाही सर, चिमटा पाठवा.” पाठवायचा खर्च माझा. मी पाठवला नाही.

निदान झालं अजनीत. रेल्वेतून निवृत्त झालेले एक टर्नर काका आमच्या ओळखीचे. त्यांनी मला पुढचा ब्रेक धरून सायकल पुढे-मागे हलवायला लावली आणि स्वतः दोन बोटं खालची वाटी आणि चिमटा यांच्या फटीवर ठेवली. तिसऱ्या हिसक्याला म्हणाले, “इथंच आहे. काढा.” चिमटा बाहेर आला, त्यांनी कडी नखानं उचलली आणि ती निघून हातात आली. मग व्हर्नियरनं बारीक माप. मानेवरची जागा २६.४ मिलिमीटर. कडीचं भोक २७.० मिलिमीटर. काका हसायलाच लागले. “बापाची आंगठी पोराच्या बोटात घालून राहिले तुम्ही!”

१ इंची हेडसेटमध्ये हे दोन्ही आकार चालतात. २६.४ आयएसओचा, २७.० जपानी मापाचा. पुडीत चुकीची कडी आली होती. कडी नेहमी किंचित घट्ट असते, नळीचा तुकडा लावून हातोडीनं ठोकूनच बसवावी लागते. माझी सैल होती, पण ग्रीसच्या जाड थरावर तरंगत राहिली. पावसानं ग्रीस धुतलं आणि ती मोकळी झाली. ब्रेक दाबला की चिमटा मागे रेटला जातो, कडी तेवढी सरकते, टिक. मग तिथंच टेकून राहते, म्हणून आवाज एकदाच. इतके महिने मी वरून नट आवळत होतो आणि रोग खाली होता.

काकांनी थंड पेयाच्या डब्याच्या पत्र्याची पट्टी कापून तीन वेढे घातले आणि कडी ठोकली. अकरा दिवस शांतता होती, बाराव्या दिवशी फुटाळ्याजवळ पुन्हा टिक. बिल्डरला व्हर्नियरचा फोटो पाठवला. पहिलं उत्तर: तुमचा व्हर्नियर चुकत असेल. दुसरं, दोन दिवसांनी: कडी हातानं बसली तेव्हाच फोन करायला पाहिजे होता. हे दुसरं उत्तर वाचून मला राग आला आणि तो अजून पूर्ण गेलेला नाही, कारण ते बरोबर आहे. दुकानात १,२०० दिले असते तर तिथल्या पोरानं पहिल्याच मिनिटाला सांगितलं असतं. पण पुडी भरताना माप बघायचं काम माझं नव्हतं, तेही तितकंच बरोबर आहे.

तीन आठवड्यांनी नवी कडी आली. फुकट. कुरिअरचे १८० रुपये मात्र माझ्याकडून घेतले. स्वतःच्या चुकीची वस्तू बदलून देताना १८० रुपये! ९ हजारांचा चिमटा ज्यानं मिलिमीटरवर वाकवून दिला त्याच माणसानं. मी ते लगेच भरले आणि पावतीचा फोटो काढून ठेवला.

कडी यावेळी मी ठोकली, काका समोर बसून. पीव्हीसीच्या पाइपचा तुकडा नळीवर चढवला आणि वरून हातोडी. पहिल्या दोन-तीन घावांना आवाज पोकळ येतो, कडी बसली की एकदम भरीव होतो, ठण्ण. काका म्हणाले, “बस झालं, आता मारू नका.” लॉकनट इतका हलका आवळला की सायकल जरा कलती केली तरी हँडल आपोआप वळतं, आणि हिसका दिला तर काही हलत नाही.

मुलगी आता माझ्याएवढी उंच झाली आहे, तिच्याही बुटाचं टोक टायरला लागतंच. तिच्यासाठी त्याच बिल्डरला कोटेशन मागितलं: ७२ अंश, ५० रेक, स्टीलचा चिमटा, कडी तुमच्याकडेच ठोकून. शेवटी एक ओळ टाकली, की मागचे १८० यात वळते करावेत. कोटेशन दुसऱ्या दिवशी आलं. १८० बद्दल अक्षर नाही. मी पुन्हा विचारलं आहे. मेसेजवर दोन निळ्या टिक तेवढ्या दिसून राहिल्या.