हिरा तपासायचा पेन: तुळशीबागेत पास, लक्ष्मी रस्त्यावर नापास

ऑनलाइन हजार-दीड हजाराच्या आतबाहेर मिळणारा, नऊ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीवर चालणारा हा पेन कंपन्या वेगवेगळ्या नावांनी विकतात, आतला मामला एकच असतो. तांब्याचं बारीक टोक, अंगावर दिव्यांची रांग, बाजूला फिरवायची चकती आणि धातू लागला की वाजणारा बझर. दोन सेकंदांत खरा हिरा ओळखा, असं खोक्यावर छापलेलं असतं. ते खोटं नाही. फक्त पुण्यात हिरा घेणाऱ्याला आधी शंका असायची ती 'हिरा की अमेरिकन डायमंड' अशी. आता शंका असते ती 'खाणीतला की लॅबमधला' अशी, आणि तिथे हा पेन काहीच सांगू शकत नाही. पाचपैकी अडीच गुण देऊ, तेही नीट वापरता आला तर.

पेन तपासतो ती उष्णता. टोक आतून गरम केलेलं असतं. ते खड्याला टेकलं की खडा किती झपाट्याने उष्णता ओढून घेतो हे मोजून दिवे लागतात. हिऱ्यातले कार्बनचे अणू हलके आणि एकमेकांना चारी बाजूंनी घट्ट बांधलेले, त्यामुळे अणूंच्या कंपनांतून उष्णता सपाट्याने पुढे सरकते. हिऱ्याची उष्णतावाहकता 2000 वॅट प्रति मीटर-केल्विनच्या आसपास, तांब्याची 400, माणिक-नीलमाची 30 ते 40, अमेरिकन डायमंड म्हणजे क्युबिक झिर्कोनियाची अवघी 2 ते 3, काचेची 1. एवढी तफावत असल्यावर स्वस्त पेनलाही चुकायला जागा राहत नाही. तुळशीबागेतले खडे, काच, पांढरा पुष्कराज, स्फटिक या सगळ्यांवर दिवे जागचे हलत नाहीत. पाषाण परिसरातल्या जुन्या खाणींतून निघालेले अपोफिलाइटचे पारदर्शक खडे काही घरांत जपून ठेवलेले असतात, तिथेही तेच. आपल्या पायाखालचा खडक बेसाल्ट आहे, हिऱ्याला किंबरलाइट किंवा लॅम्प्रोइट हे फार खोलातून वर आलेले ज्वालामुखी खडक लागतात, म्हणून हिरे पन्ना आणि गोवळकोंड्याकडचे, आपल्याकडचे नाहीत.

आता वापर. बहुतेक तक्रारी इथल्याच असतात.

चालू केल्यावर 'रेडी'चा दिवा लागेपर्यंत, साधारण अर्धा मिनिट, थांबायचं. मग चकती फिरवून सुरुवातीचे दिवे किती लावायचे ते ठरवायचं. पेनवर छोटा तक्ता चिकटवलेला असतो: एका बाजूला खड्याचं वजन, दुसऱ्या बाजूला खोलीचं तापमान. लोक हा तक्ता वाचतच नाहीत आणि पेन वाईट म्हणून एक स्टार देतात. खडा लहान तर जास्त दिवे, मोठा तर कमी. खोली गार तर जास्त, गरम तर कमी. पुण्यात डिसेंबरच्या पहाटे 10 अंश आणि मेच्या दुपारी 38-40, त्यामुळे वर्षभर एकच सेटिंग चालणार नाही. चकती गरजेपेक्षा वर ठेवली तर पांढरा नीलमही 'हिरा' म्हणून वाजतो, खाली ठेवली तर दोन सेंटांचा (सेंट म्हणजे कॅरेटचा शंभरावा भाग) अस्सल हिरा नापास होतो.

पंखा बंद करायचा. हे कुठल्याही माहितीपत्रकात ठळक छापलेलं नसतं, पण आपल्याकडे छताचा पंखा चालू ठेवून तपासणारे कितीतरी जण आहेत. वाऱ्याने टोक गार होतं आणि आकडा डळमळतो. अंगठी बोटातून काढल्या काढल्या तपासायची नाही, खडा अंगाच्या उबेने तापलेला असतो. कोमट पाण्याने धुतली असेल तर कोरडी करून खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची. खड्यावर तेलाचा, क्रीमचा थर असेल तर पेन त्या थराचंच मोजमाप घेतो. कुड्यांच्या मागे तर साबण आणि तेलाचा थर हमखास.

टोक खड्याच्या वरच्या सपाट पैलूवर काटकोनात, हलक्या हाताने टेकवायचं. तिरपं टेकलं तर स्पर्श अर्धवट होतो आणि दिवे कमी लागतात. दाबलं तर हिऱ्याला काही होत नाही, पेनचं टोक वाकतं, आणि ते बदलून मिळत नाही. एकच खडा पुन्हा तपासायचा असेल तर मध्ये काही सेकंद जाऊ द्यायचे. दोन-तीन सेंटांचा खडा पहिल्याच स्पर्शाने गरम झालेला असतो आणि दुसऱ्या वेळी उष्णता ओढत नाही. सात खड्यांच्या कुडीत एक खडा खोटा निघाला, अशी ओरड होते तिचं कारण पुष्कळदा हेच असतं.

धातूचा बझर कसा चालतो हे समजून घेतलं तर निम्मे घोळ टळतात. पेनच्या मागच्या बाजूला धातूची पट्टी असते, तिच्यावर बोट असायलाच हवं, आणि दुसऱ्या हाताने दागिना उघड्या बोटांत धरलेला हवा. टोक सोन्याला लागलं की तुमच्या शरीरातून सर्किट पूर्ण होतं आणि पेन ओरडतो. हातमोजे घातले, किंवा अंगठी प्लास्टिकच्या डबीत तशीच ठेवून तपासली, तर सर्किट होत नाही. टोक नखीला, म्हणजे खडा धरून ठेवणाऱ्या सोन्याच्या काट्याला, टेकतं, सोनं उष्णता ओढतं, आणि पेन बिनदिक्कत 'हिरा' सांगतो. सुट्या खड्यांसाठी सोबत खळगे असलेली धातूची पट्टी येते, सुटा खडा त्यातच ठेवायचा. चिमट्यात धरून तपासू नये.

रोज वापर असेल तर टोकावर काळपट थर चढतो. पेन बंद करून टोक साध्या कागदावर उभं धरून हलकेच फिरवलं की साफ होतं. पॉलिश पेपर नको. बॅटरी उतरली की टोक पुरेसं तापत नाही आणि अस्सल हिरे नापास व्हायला लागतात. म्हणून दागिना खोटा ठरवण्याआधी खात्रीच्या हिऱ्यावर पेन तपासून घ्यावा. घरात तसा नसेल तर भोसरी-चिंचवडच्या हार्डवेअर दुकानांत ग्राइंडिंग व्हील सारखं करायचा डायमंड ड्रेसर काही शे रुपयांत मिळतो. त्याच्या टोकाला बसवलेला ओबडधोबड खडा हिराच असतो. टोक धातूला न लावता नेमकं त्या खड्यावर टेकलं तर पेन त्यालाही हिराच म्हणतो. आणि इथेच पेनची मर्यादा उघडी पडते: हिरा असणं आणि किमती असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पहिली मोठी फसगत मोइसनाइटची. सिलिकॉन कार्बाइडचा हा खडा साधारण तांब्याच्याच पट्टीत उष्णता वाहून नेतो, आणि साध्या पेनला तो हिराच वाटतो. त्यावर तोडगा म्हणून उष्णता आणि वीज दोन्ही तपासणारे 'मल्टी टेस्टर' मिळतात, किंमत कित्येक पट. मोइसनाइट बहुधा थोडी वीज वाहून नेतो, हिरा बहुधा नेत नाही. यातला 'बहुधा' महत्त्वाचा. अतिशुद्ध मोइसनाइट वीज नेत नाही, त्यामुळे हिरा म्हणून सुटू शकतो. उलट बोरॉन असलेला हिरा, विशेषतः निळसर लॅबग्रोन, वीज नेतो आणि मोइसनाइट ठरवला जातो.

आमच्या मते त्यापेक्षा दहापट मोठं दाखवणारं चांगलं भिंग घ्यावं. मोइसनाइटमध्ये प्रकाशाचा किरण दुभंगतो, त्यामुळे मागच्या पैलूंच्या कडा जोडीने दिसतात. मात्र सरळ वरून बघितलं तर काहीच दिसणार नाही, कारण खडा कापताना त्याचा अक्ष मुद्दाम वरच्या सपाट पैलूला काटकोनात ठेवलेला असतो. खडा थोडा कलता करून बाजूच्या पैलूतून आत बघायचं. अमेरिकन डायमंडच्या कडा भिंगाखाली बोथट आणि घासलेल्या दिसतात, हिऱ्याच्या धारदार. सुटा खडा असेल तर वजनकाटाही पुरतो: साडेसहा मिलिमीटर व्यासाचा गोल हिरा साधारण 1 कॅरेट, म्हणजे 0.2 ग्रॅम भरतो. त्याच मापाचा अमेरिकन डायमंड 1.7 कॅरेटच्या आसपास, मोइसनाइट 0.9 च्या. खड्यावर फुंकर मारणं, वर्तमानपत्रावर ठेवून अक्षरं वाचणं हे प्रकार सोडून द्यावेत. पेनसोबत येणाऱ्या जांभळ्या टॉर्चचंही तेच. चार हिऱ्यांतला साधारण एक, फार तर तिनातला एक, त्या प्रकाशात चमकतो. बाकीचे अस्सल असूनही गप्प राहतात.

दुसरी फसगत लॅबग्रोनची. तिला फसगत म्हणावं की नाही हा प्रश्नच आहे, कारण पेन तिथे खरंच बोलतोय. खाणीतला हिरा जमिनीखाली साधारण 150 ते 200 किलोमीटरवर, 900 ते 1300 अंश तापमानात आणि 45 ते 60 हजार वातावरणांच्या दाबाखाली तयार झालेला, बहुतेक 1 ते 3.5 अब्ज वर्षं जुना, आणि किंबरलाइटच्या उद्रेकाने वर आलेला. लॅबमध्ये हाच दाब आणि ताप यंत्राने देतात. जनरल इलेक्ट्रिकने 1954 मध्ये ते करून दाखवलं. दुसऱ्या पद्धतीत, म्हणजे सीव्हीडीत, हिऱ्याच्या पातळ कापावर हायड्रोजन आणि मिथेनच्या प्लाझ्मातून कार्बन थराथराने बसवतात. काही आठवड्यांत खडा तयार होतो. अणूंची जाळी तीच, म्हणून उष्णताही तशीच वाहते, कठीणपणा तोच, अपवर्तनांक तोच 2.42. पेनच काय, नुसत्या भिंगानेही फरक सांगता येत नाही.

फरक शोधायचा तो अशुद्धींत. खाणीतल्या बहुतेक हिऱ्यांत नायट्रोजन जोड्यांनी किंवा झुंडीने बसलेला असतो. तो तसा एकत्र यायला कोट्यवधी वर्षं लागतात. पांढऱ्या लॅबग्रोनमध्ये नायट्रोजन जवळजवळ नसतो. असा 'टाइप टू-ए' हिरा निसर्गात शेकड्याला दोनही सापडत नाही. तपासणी यंत्र हेच बघतं: खड्यातून कुठला अतिनील प्रकाश आरपार जातो, खडा कसा उजळतो, दिवा बंद झाल्यावर किती वेळ चमकत राहतो. ते यंत्र लाखांत जातं. काही मोठ्या पेढ्या आणि शोरूम ते ठेवतात. लक्ष्मी रस्त्यावर किंवा कॅम्पात दागिना घेताना 'मशीनवर दाखवा' म्हणायला संकोच करू नये. तेही 'पुढे तपासा' एवढंच सांगू शकतं, शेवटचा शब्द प्रयोगशाळेचा.

भावाची गंमत अशी की दिसायला सारखे असलेले एक कॅरेटचे दोन खडे, नैसर्गिक लाखांत आणि लॅबचा हजारांत. हिऱ्यांना दर्जा देणाऱ्या जीआयए या अमेरिकन संस्थेने तर 1 ऑक्टोबर 2025 पासून लॅबग्रोनला डी, ई, एफ असे रंगांचे आणि व्हीव्हीएससारखे शुद्धतेचे दर्जे देणं बंद करून 'प्रीमियम' आणि 'स्टँडर्ड' एवढंच ठेवलं. नैसर्गिकातही भाव सरळ रेषेत चढत नाही. 95 सेंटांपेक्षा 1 कॅरेटचा दर कॅरेटमागेच जास्त असतो, डोळ्याला फरक शून्य. अर्ध्या-अर्ध्या कॅरेटचे दोन खडे एका कॅरेटच्या एका खड्यापेक्षा बरेच स्वस्त पडतात. दिसण्यासाठी घेत असाल तर पूर्ण आकड्याच्या जरा खालचा, उत्तम कटचा खडा घ्यावा.

तेव्हा पेनवर पैसे घालण्याआधी कागद नीट वाचावेत. हॉलमार्क आणि एचयूआयडी हा दागिन्यावरचा सहा अक्षर-आकड्यांचा ओळखक्रमांक सोन्याच्या शुद्धतेचा आहे. हिऱ्याबद्दल तो एक शब्दही बोलत नाही. सर्टिफिकेटचा नंबर प्रयोगशाळेच्या वेबसाइटवर टाकून वजन दोन दशांशांपर्यंत आणि मापं मिलिमीटरच्या शतांशापर्यंत जुळवायची. तोच नंबर खड्याच्या गर्डलवर, म्हणजे कमरेच्या कडेवर, लेसरने कोरलेला असू शकतो. दहापट भिंगाला तो कधी दिसतो, कधी नाही, मायक्रोस्कोपखाली दाखवायला सांगावं. नखीखाली झाकला जात असेल तर खडा बसवण्याआधीच बघून घ्यावा. बारीक खड्यांच्या दागिन्यात सर्टिफिकेट अख्ख्या दागिन्याचं असतं, रंग-शुद्धतेचा पट्टा आणि एकूण वजन एवढंच. नैसर्गिकात लॅबचे खडे मिसळण्याचा धोका या बारीक मालात सर्वांत जास्त.

बिलावर 'नैसर्गिक' किंवा 'लॅबग्रोन' शब्द लिहून घ्यावा, हिऱ्याचं वजन कॅरेटमध्ये वेगळं, आणि सोन्याचा भाव निव्वळ वजनावर. अंगठी 4.350 ग्रॅम भरली आणि हिरा 0.75 कॅरेट असला तर त्याचे 0.150 ग्रॅम वजा होऊन सोनं 4.200 ग्रॅम धरलं पाहिजे. मोडीची अट तिथेच लेखी मागावी: परत घेताना हिऱ्याचे किती टक्के, बदल्यात किती, आणि लॅबग्रोन परत घेतात का. दुकानागणिक उत्तर वेगळं असतं.

मग पेन कोणी घ्यावा? आजीच्या पेटीतल्या कुड्या-नथीचे खडे काचेचे की हिऱ्याचे हे आधी पाहायचं असेल, किंवा इमिटेशन आणि मोडीचा माल एकत्र हाताळणारं छोटं दुकान असेल, तर घ्यावा. साखरपुड्याची अंगठी तपासायला घेत असाल तर नको. ते पैसे भिंगावर आणि प्रयोगशाळेच्या फीवर घालावेत. भेगांत काच भरलेला हिराही हा पेन पास करतो, आणि तसा खडा सोनाराच्या ज्योतीखाली गेला की भरण बाहेर येते. दुरुस्तीला टाकण्याआधी भेगांतून निळी-जांभळी झाक मारते का ते भिंगातून बघून घ्यावं. पेन महिनोन्महिने पडून राहणार असेल तर बॅटरी काढून ठेवा, ती आत पाझरली की कनेक्टरला हिरवा गंज चढतो.