स्वतःच्या अक्षरातली निऑन पाटी, शाहूपुरीत बनवून घेतलेली: रिव्ह्यू

घरात लावायला निऑनची पाटी बनवून घेतली, मराठीत, माझ्याच हस्ताक्षरात, आणि फोटो टाकल्यापासून सगळ्या विचारतायत कुठं केलीस, किती लागले, टिकते का, म्हणून एकदाच लिहून टाकते. पाचपैकी चार स्टार. एक का कापला ते खाली आहे.

आधी आयडिया कुठनं आली ते. ट्रेसी एमिन म्हणून ब्रिटिश आर्टिस्ट आहे, जन्म 1963 चा, लहानपण मार्गेट नावाच्या समुद्रकाठच्या गावात गेलं. तिथं किनाऱ्याला खेळ, करमणूक, झगमगते दिवे, जत्राच म्हणा ना. तसल्या दुकानी दिव्यांत ही बाई पुढं स्वतःच्या तिरक्या अक्षरात प्रेम, शरीर, ओढ, कुणीतरी सोडून गेल्याचं दुःख असं काय काय लिहायला लागली. लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनात 2018 ला तिनं तब्बल 20 मीटर लांबीची गुलाबी ओळ टांगली, 'आय वॉन्ट माय टाईम विथ यू'. बॅगा ओढत पळणारी माणसं आणि त्यांच्या डोक्यावर एक बाई मोठ्यानं सांगतेय की मला तुझ्यासोबत वेळ पाहिजे. लोकांना ती जास्त माहितीये 'माय बेड' मुळं, 1998 चं काम, तिचा खरा विस्कटलेला पलंग, मळक्या चादरी, दारूच्या रिकाम्या बाटल्या, थोटकं, कंडोम सगळ्यासकट. 1999 ला टर्नर प्राइझ या ब्रिटनमधल्या नावाजलेल्या कला-बक्षिसाच्या शेवटच्या यादीत होतं, बक्षीस मिळालं नाही, शिव्या मात्र पोत्यानं मिळाल्या, आणि 2014 ला लिलावात तोच पलंग 25 लाख पौंडांच्या वर गेला. मला विचाराल तर पलंगापेक्षा निऑन भारी. पलंग बघताना आपण तिच्या खोलीत डोकावल्यासारखं वाटतं, निऑनमध्ये ती आपणहून बाहेर येऊन बोलते.

तर मला पण माझी एक ओळ पाहिजे होती. 'अजून थोडं जवळ ये.' बास, एवढंच.

दुकान शाहूपुरीत, मेन धंदा फ्लेक्सचा, काउंटरवर वाढदिवसाचे बॅनर छापून वाळत पडलेले, भावी नगरसेवक, किंगमेकर, गॉगल वगैरे. काम करणारा पोरगा हुशार आणि नम्र, पण कागद वाचून जरा थांबला आणि म्हणाला, "ताई, हे पार्लरसाठी का?" म्हटलं नाही, घरात. "मग 'वेलकम' करूया का, नाहीतर दोघांची नावं, मधी बदाम? लग्नाच्या स्टेजला लई चालतंय." म्हटलं दादा, जे लिहिलंय तेच कर. आपल्या गावात चौकाचौकात बाप्यांचे फोटो दहा दहा फुटांचे चालतात आणि बाईनं दोन फुटांत ये म्हटलं की विचारणा होते, असो.

खरी भांडाभांडी अक्षरावरनं झाली. मी कागदावर मार्करनं लिहून फोटो पाठवलेला, त्यांनी डिझाईन पाठवलं तर अक्षर माझं नव्हतंच, कुठलातरी गोलगोल फॉन्ट टाकलेला, शिरोरेषा फुटपट्टीनं मारल्यासारखी. मी डोक्यावरची रेघ सलग काढत नाही, मधे मधे तुटते, आणि माझा 'थ' कायम डावीकडं कलतो. "ताई, नीट करून दिलंय की!" एमिनच्या कापडी अक्षरं शिवलेल्या गोधड्या बघा, त्यात स्पेलिंगच्या चुकापण तशाच ठेवल्यात, म्हणून तर ते तिचं वाटतं. हे सगळं त्याला नाही सांगितलं, फक्त 'थ' कललेलाच राहू दे म्हटलं. शेवटी माझ्या फोटोवरनंच ट्रेस करून दिलं.

आता वस्तूबद्दल. एमिनची निऑन म्हणजे खरीखुरी, काचेच्या नळीत गॅस भरलेली, हजारो व्होल्टवर चालणारी. आपल्याकडं आता सगळीकडं मिळते ती एलईडी पट्टी, वर सिलिकॉनची लवचिक नळी, 12 व्होल्टचा अडॅप्टर, पारदर्शक ॲक्रिलिकवर बसवलेली. फुटत नाही, शॉक नाही, घरात पोरं असतील तर हीच बरी. पण पट्टी कुठंही कापता येत नाही, ठरलेल्या खुणेवरच कापावी लागते, आणि मराठीत काना, मात्रा, अनुस्वार, तुटकी रेघ, प्रत्येक तुकडा वेगळा, प्रत्येकाला मागनं वायर सोल्डर. इंग्रजीत अक्षरं एकमेकांना जोडून लिहिली की एका ओघात होणारं काम इथं तुकड्या तुकड्यानं होतं, म्हणून पैसे जास्त सांगतात आणि ते मला पटलं. 'थोडं' वरचा अनुस्वार एवढा बारीक की तिथं पट्टी वळेना, त्यांनी छोटा गोल तुकडा बसवलाय, जवळनं बघितलं तर कळतं.

स्टार कापला तो 'ळ' साठी. लावून थोडे आठवडे झाले आणि 'ळ' बंद पडला, पाटीवर 'अजून थोडं जव ये', आमच्याकडं पाहुणे आलेले तेव्हाच. सोल्डर सुटलेलं. दुकानानं फुकट दुरुस्त करून दिलं पण दोनदा फोन करायला लागला आणि पाटी नेणं आणणं माझ्यावर. घेताना सगळी अक्षरं दुकानातच तासभर चालू ठेवून बघा आणि जोड हलवून बघा, लाजू नका.

रंग मी गुलाबी घेतला. फोनच्या कॅमेऱ्यात जांभळट येतो, प्रत्यक्षात छान आहे. डिमर जरूर घ्या, फुल ब्राइटनेसला हॉल मेडिकल दुकानासारखा दिसतो.

सासूबाई म्हणाल्या, "रिक्षाच्या मागं लिहितात तसलं काय लावलंयस भिंतीवर?" नवऱ्यानं पहिल्या दिवशी विचारलं हे मला आहे का, मी म्हटलं वाच आणि ठरव. सध्या संध्याकाळी स्विच तोच लावतो. सासूबाईंनी आता विचारलंय की त्यांच्या खोलीला 'दार उघडंच आहे' असं होईल का, त्यांच्या मोडी वळणाच्या अक्षरात. दुकानाला फोटो पाठवलाय, पोरानं 'रेट सांगतो ताई' लिहिलंय, 'नीट करून देऊ का' अजून विचारलं नाही.