कातरवेळेचा लाल ठिपका : एमपॉइंट मायक्रो टी-२ तीन हंगाम वापरल्यानंतर

टेक्सासमध्ये हरणाच्या शिकारीची कायदेशीर वेळ सूर्योदयाच्या अर्धा तास आधी सुरू होते आणि सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने संपते. रानडुकरांना मात्र इथे ना हंगाम आहे ना वेळेचे बंधन, आणि सप्टेंबर २०१९पासून खासगी जमिनीवर मालकाच्या संमतीने त्यांची शिकार करायची असेल तर शिकारीचा परवानाही काढावा लागत नाही. माझ्या एका मित्राची मक्याची शेती आहे आणि दिवेलागणीनंतर तिथे डुकरे उतरतात. माझे बालपण सातारा जिल्ह्यात गेल्यामुळे एका रात्रीत उकरून टाकलेला भुईमूग कसा दिसतो हे मला कुणी सांगावे लागत नाही. तिकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे परवानगीवाचून डुकराला हात लावता येत नाही. इथे मित्राने बोलावले की आम्ही दोघे बांधावर जाऊन बसतो. माझी नेमबाजी बहुतेक याच वेळेची, म्हणजे सूर्य मावळल्यापासून डोळ्यांना काहीच दिसेनासे होईपर्यंतच्या पाऊण तासाची आहे, आणि माझ्या रायफलीवरच्या मायक्रो टी-२ या लाल ठिपक्याच्या साइटचे, म्हणजे नेम धरण्याच्या साधनाचे, पुढचे सगळे मूल्यमापन त्या पाऊण तासाला धरून केलेले आहे.

रायफलीच्या मूळच्या लोखंडी माशीवर या वेळी भिस्त ठेवता येत नाही. काळी माशी काळ्या जनावरावर धरली की दोन्ही एकमेकांत मिसळतात. म्हणून मी आधी एक हिरवा लेझर घेतला होता. त्या कंपनीचे नाव इथे घेत नाही, कारण माझ्या हाती आलेला नग सदोष असू शकतो. तीस-चाळीस गोळ्यांनंतर त्याचा झिरो, म्हणजे नेम आणि गोळी यांची जुळवलेली जागा, सरकत असे. पण तो सरकला नसता तरीही मी तो उतरवला असता. त्याचे कारण पुढे येईल.

मायक्रो टी-२ ही एमपॉइंट या स्वीडिश कंपनीची साइट आहे. याच कंपनीने १९७५ साली पहिली इलेक्ट्रॉनिक रेड डॉट साइट बाजारात आणली, आणि अमेरिकन लष्करात एम६८ या नावाने ओळखली जाणारी साइटही तिचीच आहे. टी-२चे वजन माउंटशिवाय, म्हणजे रायफलीवर बसवायच्या बैठकीशिवाय, ८४ ग्रॅम आहे. आत एक लहानसा एलईडी असतो, त्याचा प्रकाश पुढच्या वक्र काचेवर आपटून समांतर होऊन डोळ्याकडे परततो, आणि त्यामुळे लाल ठिपका काचेवर न दिसता दूर लक्ष्यावर ठेवल्यासारखा दिसतो. समोर, लक्ष्यावर, कोणताही प्रकाश पडत नाही. ठिपक्याचा आकार २ एमओए आहे; एमओए हे कोनाचे माप आहे. १ एमओए म्हणजे १०० मीटरवर सुमारे २.९ सेंटिमीटर, म्हणजे ५० मीटरवर हा ठिपका साधारण तेवढीच जागा झाकतो. सीआर२०३२ या एका नाणेवजा सेलवर तो ५०,००० तास चालतो, असे कंपनी सांगते. हे गणित पाच वर्षांच्या वर जाते. मी साइट कधीच बंद करत नाही, दरवर्षी वाढदिवसाला सेल बदलतो, आणि तीन वर्षांत ठिपका एकदाही विझलेला नाही.

या साइटला उजेडाच्या १२ पायऱ्या आहेत. पहिल्या चार रात्रदृष्टी यंत्रासाठी आहेत आणि नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. उरलेल्या आठ दिवसाच्या. कातरवेळेला सगळे यश या बटणावर अवलंबून असते, आणि नवीन माणूस नेमका इथेच चुकतो. दुकानात ठिपका ठळक दिसला की साइट चांगली वाटते. अंधारात उलटे होते. ठिपका जितका तेजस्वी, तितके त्याच्याभोवतीचे डुक्कर नाहीसे होते, कारण डोळ्याची बाहुली त्या तेजाला प्रतिसाद देते आणि काचेत ठिपक्याभोवती लालसर धुके पसरते. मी आता सूर्यास्तानंतर उजेड उतरेल तसे बटण एकेक पायरी खाली आणतो, आणि ठिपका जेमतेम दिसेल, तो शोधायला क्षणभर लागेल, इतका मंद ठेवतो. ही सवय मला एका चुकीने लागली. पहिल्या हंगामात एका संध्याकाळी ठिपका दुपारच्याच पायरीवर राहिला होता, आणि बांधाखाली हलणाऱ्या एका काळ्या आकारावर मी रायफल रोखली. चापावर बोट नव्हते. काहीतरी वेगळे वाटले म्हणून रायफल खाली घेतली, दुर्बीण लावली, तर ते कुंपण ओलांडून आलेले शेजारच्या कळपातले वासरू होते. न ओळखलेल्या आकारावर नळी रोखणे हीच चूक होती, आणि ती माझी होती. तेव्हापासून ओळख पटवण्याचे काम केवळ गळ्यातल्या दुर्बिणीचे, आणि रायफल त्यानंतरच खांद्याला लागते.

ठिपक्याच्या रंगालाही इथे अर्थ आहे. आपल्या डोळ्यातल्या दंडपेशी मंद प्रकाशात काम करतात, आणि त्यांची संवेदना ५०७ नॅनोमीटरच्या आसपास, निळसर हिरव्या भागात सर्वांत तीव्र असते. एमपॉइंटचा लाल रंग ६५० नॅनोमीटरजवळचा आहे, जिथे दंडपेशी जवळपास आंधळ्या असतात. तो ठिपका आपण शंकूपेशींनी पाहतो, आणि अंधाराला सरावलेल्या दंडपेशी बऱ्याच अंशी शाबूत राहतात. हा सराव पूर्ण व्हायला अर्धा तास लागतो आणि मोडायला एक बॅटरीचा झोत पुरतो, हे ज्याने अनुभवले आहे त्याला या गोष्टीची किंमत वेगळी सांगायला नको.

हिरव्या लेझरबद्दलचा माझा आक्षेप इथूनच सुरू होतो. ५२० किंवा ५३२ नॅनोमीटरचा प्रकाश डोळ्यांना फार तेजस्वी वाटतो म्हणूनच तो विकला जातो. दुपारी तो लाल लेझरपेक्षा खरोखर उजवा आहे. तेवढ्याच शक्तीचा लाल लेझर उन्हात काही पावलांवरच हरवतो. पण संध्याकाळी मक्याच्या रानात धूळ आणि दव दोन्ही असतात, आणि त्यांतून हिरव्या किरणाची अख्खी रेघ उमटते. शिवाय लेझर नळीच्या खाली किंवा बाजूला बसतो, त्यामुळे त्याची रेषा आणि गोळीची वाट ठरावीक अंतरावरच जुळतात. ५३२च्या जुन्या पद्धतीच्या लेझरमध्ये १०६४ नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश स्फटिकातून दुप्पट वारंवारितेचा करून हिरवा रंग मिळवतात, आणि थंडीत ही जुळणी मंदावते; लेझर घ्यायचाच झाल्यास थेट ५२०चा डायोड असलेला घ्यावा. अवघडलेल्या स्थितीत, जिथे गाल दस्त्याला टेकवताच येत नाही, तिथे लेझरचा उपयोग मी नाकारत नाही. पण तो नळी कुठे रोखली आहे एवढेच सांगतो, समोर काय आहे हे सांगत नाही. आणि समोरच्या गोष्टीकडे शांतपणे पाहण्याऐवजी नजर नाचणाऱ्या ठिपक्याच्या मागे धावते. अमेरिकेत दृश्य लेझरची शक्ती ५ मिलिवॉटपर्यंत मर्यादित ठेवलेली असली, तरी तेवढाही प्रकाश थेट डोळ्यात जाणे घातक आहे. विमानाकडे लेझर रोखणे २०१२पासून स्वतंत्र संघीय गुन्हा आहे. शिकारीत लेझर चालतो की नाही हे राज्यागणिक बदलते, त्यामुळे आपल्या राज्याचे नियम वाचल्याशिवाय तो विकत घेऊ नये.

रात्रदृष्टीच्या चार पायऱ्या मी मित्राच्या पीव्हीएस-१४ या एकडोळी यंत्रातून तीन-चार रात्री वापरल्या. दुसऱ्या पायरीवर ठिपका स्वच्छ आणि बारीक दिसला. मान फार वाकवावी लागते, म्हणून उंच माउंट हवा. लष्करात या कामासाठी एएन/पीईक्यू-१५सारखे अवरक्त लेझर वापरतात, जे फक्त यंत्रातूनच दिसतात. नागरिकांना मिळणाऱ्या आवृत्तीत अवरक्त किरण डोळ्यांच्या सुरक्षेसाठी फारच क्षीण ठेवलेला असतो. माझ्या अंतरांना तो पुरेल, पण रात्रदृष्टी यंत्राचा खर्चच एवढा मोठा आहे की मी त्या वाटेला गेलेलो नाही.

आता उणिवा. ही साइट काहीच मोठे करून दाखवत नाही. ८० मीटरपलीकडे कातरवेळेला मला ती अपुरी वाटते, आणि तिथे मी गोळी झाडत नाही. काचेला किंचित निळसर छटा आहे. जुन्या टी-१पेक्षा ती कमी आहे, तरी मावळत्या प्रकाशात जाणवते. जवळच्या लक्ष्यावर डोळा काचेच्या कडेला गेला तर ठिपका थोडा सरकतो. मी घेतली तेव्हा किंमत ८०० ते ९०० डॉलरच्या घरात होती, जी बऱ्याच जणांच्या रायफलीइतकी होते.

चष्म्याला सिलिंड्रिकल नंबर असलेल्यांनी मात्र पैसे देण्याआधी दुकानात, शक्य तर अंधाऱ्या कोपऱ्यात, ठिपका स्वतः पाहून घ्यावा. माझ्या मित्राला तो स्वल्पविरामासारखा शेपटीचा दिसतो. फोनने ठिपक्याचा फोटो काढावा; फोटोत तो गोल असेल तर दोष साइटचा नाही, डोळ्याचा आहे. त्याने शेवटी ट्रिजिकॉन कंपनीची चौपट मोठे दाखवणारी, ३२ मिलिमीटर काचेची ४x३२ एकॉग साइट घेतली, जिच्यातली खूण काचेत कोरलेली असल्याने फाटत नाही आणि ट्रिटियम या किरणोत्सारी वायूवर उजळते, सेल लागतच नाही. ३२ला ४ने भागून येणारा तिचा ८ मिलिमीटरचा प्रकाशझोत डोळ्याच्या पूर्ण उघडलेल्या बाहुलीपेक्षाही रुंद आहे, त्यामुळे तिन्हीसांजेला तिच्यातून माझ्यापेक्षा त्याला जास्त दिसते, हे मी बांधावर शेजारी बसून मान्य केले आहे. पण डोळा काचेपासून दीड इंचावर आणावा लागतो, आणि ट्रिटियमचा अर्धायुष्यकाल १२.३ वर्षांचा असल्याने ती खूण वर्षागणिक मंदावत जाणार.

माझ्या रायफलीवर टी-२ ५० यार्डांना झिरो केलेली आहे. झिरो करताना वेगळे हत्यार लागत नाही, कारण साइटवरच्या जुळवणीच्या बुरुजांची टोपणेच उलटी धरून स्क्रू फिरवता येतो. तीन हंगामांत दर सप्टेंबरात मी तो कागदावर तपासला आणि एकदाही क्लिक फिरवावी लागली नाही. बांधावर बसताना बटण सातव्या पायरीवर असते, आणि उठून गाडीकडे निघतो तेव्हा पाचव्यावर.