लॅक्टोमीटरवर 30 बघून मी फसलो

म्हशीचं दूध 85 रुपये लिटर, "साहेब, तुमच्यासमोर लॅक्टो लावतो, पाणी निघालं तर पैसे परत", असं म्हणत एक दूधवाला आमच्या सोसायटीच्या गेटवर यायला लागला आणि सगळ्यात आधी नाव मीच लिहिलं, वर 2000 डिपॉझिट. रोज उंच भांड्यात दूध ओतायचा, त्यात लॅक्टोमीटर, म्हणजे दूध किती जड आहे ते दाखवणारी काचेची नळी सोडायचा, ती डुलत डुलत बरोबर 30 वर थांबायची. म्हशीच्या दुधाला 30 ते 32 लागते हे मी वाचलेलं, मग काय, खूश.

आई मात्र दुसऱ्याच आठवड्यापासून म्हणत होती, अरे साय कुठंय याला, महिन्याभरात वाटीभर तूप निघेना. मी तिलाच शहाणपणा शिकवला, रीडिंग बघितलंय मी.

चुलत भाऊ गावाकडे दूध संकलनावर कामाला आहे, तो दिवाळीला आला आणि चहा पिऊनच हसला. म्हणाला, अरे लॅक्टो फॅट सांगतच नाही. द्रव जितकं जड तितकी नळी कमी बुडते, एवढंच त्याला कळतं. आणि फॅट पाण्याहून हलकी असते, म्हणजे मलई काढली की दूध उलट जड होतं, नळीवरची डिग्री (म्हणजे रीडिंग) 36 च्या आसपास जाते. आता त्यात पाणी घाल, 85 भाग दुधाला 15 भाग पाणी, की परत 30 वर येतं! मलई पण त्याची, पाण्याचे पैसे पण त्याचे. पाणी जास्तच झालं तर साखर नाहीतर मीठ टाकून डिग्री चढवणारे पण असतात म्हणे. शिवाय कॅनमध्ये बर्फाच्या पिशव्या. नळीवर 27 डिग्री तापमान छापलेलं असतं, रीडिंग त्याच तापमानाला बरोबर, त्याहून दहा डिग्री गार दुधात रीडिंग सहज दोनेक जास्त दिसतं, हे मी कधी बघितलंच नव्हतं.

जाताना तो अर्धा लिटर घेऊन गेला, संकलन केंद्रावर फॅट तपासली, 2.1 टक्के लागली. म्हशीच्या दुधाला! सहा-सात तरी यायला पाहिजे होती.

दूधवाल्याला विचारलं तर शांतपणे म्हणतो, "लॅक्टो तर तुम्ही स्वतः बघितला ना साहेब?" डिपॉझिट पुढच्या महिन्यात देतो म्हणाला, त्यानंतर फोन लागत नाही. बी विंगमध्ये अजून घालतोय. तिथल्या कोणी वाचत असाल तर नळी राहू द्या, आधी फॅट तपासून आणा.