नाकातली लाल गाठ: आता काढायची की थांबायचं?

घोळणा वारंवार फुटतो, डॉक्टर दुर्बीण घालतात आणि आत लालभडक गाठ दिसते. "कॅन्सरसारखी वाटत नाही," हे ऐकून जीव भांड्यात पडतो. पण लगेच काढायची की वाट पाहायची, जवळच्या दवाखान्यात की थेट बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजात, हे ठरवायचं राहतंच. रुग्ण नेहमीच्या साच्यातला नसेल तर जास्तच.

रक्तवाहिन्यांच्या अशा साध्या गाठींपैकी दोन समोरासमोर ठेवू. पहिली लोब्युलर कॅपिलरी हिमँजिओमा. रिपोर्टवर पायोजेनिक ग्रॅन्युलोमा लिहिलं असेल तरी हीच. ही बहुधा नाकाच्या पडद्याच्या पुढच्या भागात येते, पटकन वाढते, बोट लागलं तरी रक्त येतं. दुसरी अँजिओफायब्रोमा: नाकाच्या मागच्या कोपऱ्यात उगवणारी, जवळपास नेहमी वयात येणाऱ्या मुलग्यांमध्ये सापडणारी. ही कॅन्सर नसली तरी गालाच्या मागे, डोळ्याच्या खोबणीत, कधी कवटीच्या तळापर्यंत सरकते.

सगळ्यात अवघड निर्णय गरोदर बाईचा. हार्मोन्समुळे पहिल्या प्रकारची गाठ गरोदरपणात फोफावते आणि बाळंतपणानंतर अनेकदा आपोआप आक्रसते. म्हणून थांबण्यात अर्थ आहे, पण अटींवर: पुढे वाकून नाकाचा मऊ भाग दहा-पंधरा मिनिटं दाबला की रक्त थांबतं, हिमोग्लोबिन टिकून आहे, श्वास घेता येतो. (कांदा हुंगवून आणि डोक्यावर पाणी ओतून वेळ घालवू नका. मान मागे टाकून रक्त गिळणं तर नकोच.) या अटी मोडल्या, वारंवार नाकात बोळा भरावा लागला, तर काढणंच बरं. गाठ पुढे आणि लहान असेल तर जागा बधिर करून काढता येते. चौथा ते सहावा महिना त्यातल्या त्यात सोयीचा. गरोदरपणी काढलेली गाठ परत येण्याची शक्यता असते, हे मात्र आधी मान्य करायला हवं. माझा कल विचाराल तर, रक्त आटोक्यात असेल तर थांबणं. पण पेडण्यात किंवा सत्तरीच्या आतल्या गावात राहणाऱ्या बाईने रात्री रक्त थांबलं नाही तर गाडी कुणाची, हे आधीच ठरवून ठेवावं.

गरोदर नसलेल्या प्रौढाच्या नाकात पुढच्या भागातली गाठ? काढा. मूळ आणि त्याखालचं आवरण सोडलं नाही तर सहसा परत येत नाही. नुसतं वरवर जाळून घेणं स्वस्त पडतं, पण मूळ राहिलं की पुन्हा तेच.

गाठ मागच्या बाजूला असेल तर रुग्ण पंचेचाळीस वर्षांची बाई असली तरी "हिला अँजिओफायब्रोमा कसा होईल" म्हणून ओपीडीत तुकडा काढायला देऊ नका. त्यातून होणारा रक्तस्राव आवरता येईलच असं नाही. आधी कॉन्ट्रास्ट (शिरेतून दिलं जाणारं, रक्तवाहिन्या ठळक दाखवणारं औषध) देऊन सीटी किंवा एमआरआय, मग पुढचं. पडद्यावर किंवा आतल्या हाडांच्या पाकळीवर उगवणारा अँजिओफायब्रोमाही असतो. तो बायकांत आणि मोठ्या वयात दिसतो आणि तुलनेने कमी रक्त सांडतो. उलट मागची, मोठी गाठ असेल तर शस्त्रक्रियेच्या एक ते तीन दिवस आधी मांडीतून नळी घालून तिचा रक्तपुरवठा बंद करतात. याला एम्बोलायझेशन म्हणतात. रक्तस्राव कमी होतो. पण डोळ्याला किंवा मेंदूला इजा होण्याचा धोका, क्वचित का होईना, आहेच. म्हणून ही सोय आणि हात बसलेला डॉक्टर दोन्ही आहेत का, हे विचारूनच रुग्णालय निवडा. लहान, पुढच्या गाठीसाठी कुणी हा खर्चाचा मार्ग सुचवला तर दुसरं मत घ्या. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं (आरोग्य विम्याचं) कार्ड असेल तर त्यात नेमकं काय बसतं, हे दाखल होण्याआधी काउंटरवर विचारा.

साठीनंतर मात्र थांबण्याचा पर्याय मी धरतच नाही. त्या वयात नाकातला मेलानोमा हा कॅन्सरही लाल, रक्त येणारी गाठ म्हणून समोर येतो आणि नुसत्या नजरेने फरक कळेलच असं नाही. स्कॅन झाल्यावर गाठ काढून पॅथॉलॉजीला पाठवायला सांगा, आणि रिपोर्ट स्वतः जाऊन घ्या.