बँजो बोल्टमधला छर्रा आणि माझे 58 हजार

वडिलांनी जपलेली 1983 ची मर्सिडीज 230ई आमच्या दारात आहे. पेट्रोलची, बॉशचं के-जेट्रॉनिक इंजेक्शन (इंजिनात पेट्रोल फवारणारी यंत्रणा), जवळपास सगळा कारभार मेकॅनिकल. नाशकात तिला हात लावायला सहसा कुणी तयार होत नाही. त्यामुळे जो ‘हो’ म्हणाला तो मला देवच वाटला.

गेल्या जुलैत दुखणं सुरू झालं. सकाळी गाडी एका सेल्फमध्ये चालू व्हायची. पण त्र्यंबकला जाऊन अर्धा तास थांबलं, की परत निघताना सेल्फ मारून मारून बॅटरी उतरायची वेळ. चालू झालीच तर मागून काळा धूर, बॉनेट उघडलं की पेट्रोलचा भपकारा.

मेकॅनिकने पाच मिनिटांत निदान केलं, “साहेब, फ्युएल डिस्ट्रिब्युटर गेला. मुंबईहून मागवावा लागेल.” म्हणजे प्रत्येक सिलिंडरला पेट्रोल वाटून देणारा भाग. आठ दिवसांनी गाडी मिळाली. धूर बंद, वास बंद, गरम असतानाही लगेच चालू. 58,000 रुपये रोख दिले. बिल म्हणून वहीतला एक कागद हातात आला, जुना पार्ट मागितला तर “तो तिकडेच जमा केला” असं उत्तर. गाडी नीट चालत होती, मग मीही ताणलं नाही. इथेच माती खाल्ली.

डिसेंबरात थंडी पडली आणि सकाळी गाडी चालूच होईना. त्याच्याकडे गेलो तर म्हणे आता वॉर्म-अप रेग्युलेटर (इंजिन गरम होईपर्यंत पेट्रोलचं प्रमाण वाढवणारा भाग) गेला, आणखी 18,000. या वेळी मात्र खिशात हात घालण्याआधी शेजारच्या काकांना बोलावलं. काका मायकोतून, म्हणजे इंजिनाचे नोझल बनवणाऱ्या इथल्या कारखान्यातून रिटायर झालेले. (कंपनी 2008 मध्ये कागदोपत्री बॉश झाली, पण नाशकातलं सर्कल अजून मायकोच आहे आणि काकाही.) नोझल तपासण्यात त्यांची हयात गेली.

“कोल्ड स्टार्ट व्हॉल्व्ह बघितला का कुणी?” हा त्यांचा पहिला प्रश्न. इंजिन गार असताना, सेल्फ चालू असेपर्यंतच, मॅनिफोल्डमध्ये (इंजिनात हवा नेणाऱ्या नळीत) जादा पेट्रोल फवारणारा हा वेगळा इंजेक्टर. किती वेळ फवारायचं ते थर्मो-टाइम स्विच ठरवतो.

काकांनी व्हॉल्व्हचा प्लग काढून त्याला टेस्ट लॅम्प लावला. मी सेल्फ मारला. दिवा लागला, तीन-चार सेकंदांनी विझला. म्हणजे करंट येतोय आणि स्विचही ठीक. मग व्हॉल्व्ह मॅनिफोल्डमधून काढून, पाइप तसाच ठेवून, लोणच्याच्या रिकाम्या काचेच्या बरणीत धरला. इंजिन परत गार झाल्यावर प्लग लावून सेल्फ मारला. टक् आवाज आला, पेट्रोलचा थेंब नाही. (हे करायचं तर उघड्यावर, कॉइलची वायर काढून आणि आग विझवायचा सिलिंडर शेजारी ठेवूनच.)

काकांनी व्हॉल्व्हला पेट्रोल आणणाऱ्या लाइनचा बँजो बोल्ट, म्हणजे पेट्रोल ज्याच्या आतून जातं तो पोकळ बोल्ट, खोलला. आत बेअरिंगचा छर्रा ठोकून बसवलेला!

तो काढला, प्लग सोडून ठेवला आणि पंपाचा रिले (स्विच) बायपास करून, इंजिन न फिरवता नुसता पंप चालवला. करंट नसताना व्हॉल्व्ह कोरडाठाक राहायला हवा. आमचा टपटप गळत होता. जुलैतलं मूळ दुखणं हेच. गाडी बंद केल्यावर पेट्रोल आत ठिबकायचं आणि गरम इंजिन फ्लड व्हायचं, म्हणजे जादा पेट्रोलने तुंबायचं. त्या पठ्ठ्याने ते बरोबर ओळखलं होतं, म्हणून तर लाइन बुजवली. उन्हापावसात या व्हॉल्व्हवाचून फारसं अडत नाही, त्यामुळे थंडी येईपर्यंत मला पत्ताच लागला नाही. आणि ‘नवीन’ डिस्ट्रिब्युटर? वडिलांच्या वेळच्या फोटोत त्यावर पिवळ्या रंगाचा ठिपका आणि तिरका ओरखडा दिसतो. दोन्ही जागच्या जागी, म्हणजे डिस्ट्रिब्युटर जुनाच. थिनरने धुऊन चकचकीत केला होता एवढंच.

छर्रा घेऊन गॅरेजवर गेलो. मेकॅनिक शांतपणे म्हणाला, “साहेब, चार महिने गाडी चालली ना?” तीन चकरांनंतर 15,000 परत मिळाले. ग्राहक आयोगात जायचं म्हटलं तर हातात तो वहीचा कागद. त्यावर ना गॅरेजचं नाव, ना सही, ना पार्टचा नंबर.

कुर्ल्याच्या जुन्या बाजारातून तीन वापरलेले व्हॉल्व्ह आणले, खराब निघाले तर परत घ्यायच्या बोलीवर. तिन्ही त्याच बरणीत तपासले. दोन ठिबकले, तिसरा कोरडा निघाला. 4,500 रुपये, नाव-पत्त्यासकट छापील बिलासह.